मायलेकींचा एकच चार्ट

काटा पुन्हा खाली आला होता. बासष्ट पौंड. पंधरा वर्षांची मुलगी आणि वजन नऊ वर्षांच्या पोरीचं!

"मशीन बिघडलंय का?" मी सिस्टर स्टेलाला विचारलं. ती आमच्या वॉर्डची मुख्य नर्स.

"मशीन ठणठणीत आहे, डॉक्टर. मीच त्यावर उभी राहून पाहिलं."

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. तंजावूरच्या एका हॉस्पिटलात मी बायकांच्या वॉर्डची असिस्टंट डॉक्टर होते. मुलीचं नाव अंबुजा. पापनाशमजवळच्या खेड्यातल्या शाळामास्तरांची ही एकुलती एक लेक. घरात आमच्यासारखीच तंजावरी मराठी. ती तुम्हाला जरा विचित्र वाटेल, म्हणून त्यांचं बोलणं इथे सोपं करून लिहिते.

दोन वर्षं मुलीचं जेवण कमी-कमी होत गेलं होतं. आम्ही सगळं तपासलं. छातीचा एक्स-रे काढला, टीबी नाही. रक्त, लघवी, जंत, काही म्हणता काही नाही. आमचे चीफ म्हणजे मोठे डॉक्टर. हुशार माणूस, पण धीर बेताचा.

"हट्ट आहे," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही तर ट्यूब घाला. तरी भागलं नाही तर मद्रासला मेंटल हॉस्पिटलला पाठवू."

ट्यूब म्हणजे नाकातून पोटात सोडायची रबरी नळी. तिच्यातून दूध-अंडं ओतायचं. इतक्या अशक्त मुलीनं धडपड केली तर दूध फुप्फुसात जायची भीती. आणि काहीच केलं नाही तर ती महिनाभरात जाणार, हे मला दिसत होतं.

नवल असं, की पोरीला अन्नाचा तिटकारा अजिबात नव्हता. दहीभात आला की ती तो इतका सुरेख कालवायची की बघत राहावं. मग शेजारच्या बाईला विचारायची, "तुम्ही जेवलात का? अजून थोडा घ्या की." स्वतः मात्र एक घास घेऊन ताट सरकवायची. भूक नसलेलं माणूस असं करत नाही. हिच्या डोक्यात चाललंय तरी काय, याचा मला घोर लागून राहिला.

आई सीताबाई रात्रंदिवस उशाशी. हाडांची काडं झालेली बाई. अंबुजाच्या आधीची दोन मुलं गेली होती. ही सहा महिन्यांची असताना जुलाबानं मरायला टेकली, तेव्हा सीताबाईंनी देवीला नवस केला, ही सासरी जाईपर्यंत भाताला शिवणार नाही. आमच्या मुलखात भात सोडणं म्हणजे जेवणच सोडणं. दिवसातून एकदा गव्हाच्या रव्याची पातळ कंजी, म्हणजे पेज, प्यायची, बस्स. पंधरा वर्षं!

ते ऐकून माझे डोळे भरून आले. आमच्या घरांतून अशा बायकांच्या पाया पडायची रीत. आणि मी मुळात तापट. त्याच दिवशी अंबुजानं ताट सरकवलं तशी मी कडाडले, "लाज वाटत नाही? आई तुझ्यासाठी पंधरा वर्षं उपाशी आहे आणि तू ताटातलं टाकतेस?"

संध्याकाळपासून पोरीनं, थोडंफार प्यायची ते ताकसुद्धा बंद केलं. मी केवढी मोठी चूक केली होती, ते कळायला आणखी दोन दिवस गेले.

गुरुवारी सकाळी राउंडच्या वेळी सीताबाई धाडकन खाली पडल्या. नाडी लागेना. आम्ही त्यांना शेजारच्याच कॉटवर घेतलं, ग्लुकोज दिलं. शुद्धीवर आल्यावर कळलं, मुलगी ताक सोडते हे पाहून बाईंनी रव्याची कंजीही सोडली होती. का, तर देवीला आपलं तप कमी पडलं असेल!

स्टेलानं तांदळाची कंजी आणली. सीताबाईंनी तोंड फिरवलं. "भात नको, डॉक्टरम्मा. नवस मोडेल. माझी पोर जाईल."

मला इतका संताप आला! "हा भात नाही, औषध आहे! हे बघा, प्रिस्क्रिप्शनवर लिहिते." आणि मी खरंच लिहिलं: कंजी, चार औंस, दर तीन तासांनी.

बाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. "औषधाला दोष नाही ना हो?"

"नाही. माझ्या आजीचे उपासही औषधानं मोडत नसत."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि टंबलर तोंडाला लावला. घोट घेताना त्या अंबुजाकडे बघत होत्या, आत्ताच्या आत्ता तिला काही होतं की काय म्हणून.

अंबुजा कोपरावर उठून बसली होती. तिची नजर टंबलरवरून हलेना. तो रिकामा झाला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "सिस्टर, आणखी आहे?"

दोन औंस प्यायली. मी स्वतः चार्टवर लिहिलं.

दुपारी मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. या खेपेला ओरडले नाही. "अंबुजा, मला नुसतं जाणून घ्यायचंय. भात का नको होतो?"

ती चादरीचा दोरा ओढत बोलू लागली. "मी मोठी झाले, न्हाण आलं, तेव्हाच्या समारंभात आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, तुझ्यासाठी आईनं भात सोडलाय. त्याआधी मला वाटायचं, तिला आवडत नाही. तेव्हापासून घास तोंडात घेतला की वाटतं, हा तिचा आहे. मी चोरून खाते."

"आणि मी परवा तेच बोलले."

"हो," ती म्हणाली. सरळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणजे मायलेकींची चढाओढ लागली होती. लेक कमी खाई म्हणून आई कमी खाई, आणि आई कमी खाई म्हणून लेक. आम्ही चार्ट ठेवत होतो एकीचाच. त्या दिवसापासून स्टेलानं दोघींचा एक चार्ट केला. आईला जेवढे औंस तेवढेच लेकीला, एका वेळी, समोरासमोर. शुक्रवारी कंजी. शनिवारी मऊ भात आणि रसम, तेही प्रिस्क्रिप्शनवर. सीताबाई प्रत्येक वेळी कागद आधी मागून घेत.

चीफनी तो कागद पाहिला. "पेशंट बासष्ट पौंडांची आहे आणि तू तिच्या आईला भात प्रिस्क्राइब करतेस?"

"हो सर. सोमवारपर्यंत आहे ना मुदत?"

सोमवारी काटा साडेत्रेसष्टवर थांबला. चीफ काही न बोलता पुढच्या कॉटकडे गेले. त्यांची शाबासकी तशीच असे.

दोन महिन्यांनी अंबुजा अठ्ठ्याहत्तर पौंडांची होऊन घरी गेली. मधे दोनदा अडलं, आठवडाभर वजन हललं नाही. सगळं सरळ झालं असं नाही. या आजाराला नाव आहे हे मी पुढे पुस्तकांत वाचलं. त्यांत लहानपणी आईबापांशी असलेल्या नात्याबद्दलही लिहिलेलं असतं. प्रत्येक मुलीचं कारण तेच असेल, असं मी म्हणणार नाही. आयांना दोष द्यायला तर मला मुळीच आवडत नाही. सीताबाईंनी जे केलं ते मायेनंच केलं होतं, आणि पोरीनंही.

जाताना सीताबाईंच्या हातात मी शेवटचं प्रिस्क्रिप्शन ठेवलं: भात, दोन वेळा. "हे किती दिवस, डॉक्टरम्मा?"

"जन्मभर."

अंबुजानं कागद वाचला. "आणि मला औषध?"

"तुला कशाला? तुला भूक आहे."

ती हसली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, मूल जेवत नाही म्हणून कुणी आई आली की मुलाची जीभ बघायच्या आधी मी तिला विचारत असे, "तुम्ही काल काय जेवलात?" बऱ्याच जणींना आठवत नसे.