दुपारची झोप

नर्सबाईंनी नऊ वर्षं रात्रपाळी केली. सकाळी घरी यायचं, दोन घास पोटात ढकलायचे, घरातली चार कामं उरकायची आणि पडदे ओढून अंग टाकायचं. डोळा लागतो न लागतो तोच खाली शाळेतून आलेली पोरं अंगणात धुडगूस घालायची. त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, खिडकी नेमकी अंगणावर. कानावर उशी दाबून त्यांनी किती दुपारी काढल्या याची गणतीच नाही.

एकदा वॉर्डातला एक पेशंट पहाटे गेला. त्या सुन्न होऊन घरी आल्या, कशीबशी झोप लागली आणि खाडकन चेंडू खिडकीच्या गजांवर आदळला. बाई तशाच, विस्कटलेल्या केसांनी, चेअरमनकाकांच्या दारात उभ्या राहिल्या.

"मी माणूस आहे की यंत्र? ह्या पोरांचं काहीतरी करा!"

अंगणात गाड्या लावायला काकांना निमित्तच हवं होतं. त्यांनी बाईंकडून लेखी तक्रार घेतली आणि चार दिवसांत पाटी लावली : 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.' पोरं दोन दिवस घुटमळली, मग वर गेली ती गेलीच. अंगणात गाड्या लागू लागल्या. बाईंना कशी गाढ झोप लागायची!

दोन वर्षं अशी गेली. मग गुडघे कुरकुरायला लागले म्हणून बाईंनी दिवसपाळी मागून घेतली. आता त्या दुपारी घरीच नसायच्या. पाटी मात्र तशीच होती. रोज येता-जाता दिसायची, पण ती काढायला सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

दिवसपाळीला आठ महिने झाले आणि हॉस्पिटलने त्यांना शाळेतल्या तपासणीवर पाठवलं. काम सोपं होतं. मुलांनी बाकावर तीन मिनिटं चढ-उतर करायची, बाईंनी नाडी मोजायची आणि रोज किती वेळ खेळता ते विचारून लिहायचं.

रांगेत तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून सगळी इमारत तिला टोळ म्हणायची. आता बारा वर्षांची झाली होती. दीड मिनिटातच ती बाकावर बसली. चेहरा लालबुंद, छाती भात्यासारखी हलत होती.

"रोज किती खेळतेस गं?"

"नाही खेळत, काकू."

"का गं?"

"खाली तुम्ही झोपलेल्या असता ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"अगं, मी आता दुपारी घरी नसतेच."

"हो? मग आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

बाईंनी कागदावर शून्य लिहिलं. त्यांच्याच इमारतीतली आणखी चार पोरं त्या दिवशी रांगेत होती. त्यांच्याकडे मान वर करून बघायचंही त्यांना जमेना.

संध्याकाळी त्या काकांकडे गेल्या. "पाटी काढा."

"आता? तिथे आठ गाड्या लागतात, बाई. आणि तक्रार तुमचीच होती. कागद आहे माझ्याकडे."

"माझीच होती. म्हणूनच आलेय."

"मग गाडीवाल्यांना तुम्हीच विचारा."

बाई दारोदार फिरल्या. प्रत्येक दारात तेच सांगताना जीभ जड व्हायची : माझ्यामुळे बंद पडलं, रोज संध्याकाळी दीड तास गाडी रस्त्यावर लावाल का? सहाजण तयार झाले, दोघांनी दार लावून घेतलं. टोळची आई तर हसून म्हणाली, "अहो, बरंच झालं होतं की! पोर घरात मोबाइल घेऊन बसलेली असते, जिवाला घोर नाही." कुणी तोंडावर चार शब्द सुनावले असते तर बाईंना हलकं वाटलं असतं. सुनावलं कुणीच नाही.

सोमवारी काकांनी पाटी उतरवली आणि पाचला अर्धंअधिक अंगण मोकळं झालं. बाई ड्युटी संपवून थेट घरी आल्या होत्या. अकरा पोरं खाली आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. धाकट्यांना तर काय खेळायचं तेच ठाऊक नव्हतं.

"पकडापकडी," बाई म्हणाल्या. पदर खोचला. "राज्य माझ्यावर. पळा!"

पोरं आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळी पांगली. बाई कुरकुरत्या गुडघ्यांनी धावत राहिल्या. चौथ्या फेरीला टोळ कुशीवर हात दाबून पायरीवर बसली.

"दुखतंय, काकू. आधी नव्हतं दुखत."

"माहितेय गं," बाई तिच्याशेजारी टेकल्या. त्यांचाही श्वास ठिकाणावर नव्हता. "चूक माझी झाली."

"उद्या क्लास आहे," टोळ म्हणाली. "परवा येईन बहुतेक."

परवा ती आली. अकरातली पाचच टिकली, बाकीच्यांना चार हाका मारल्या तरी खिडकीतून नुसती मान हलते. बाई रोज पाचला हाका मारतात. गेलेली पावणेतीन वर्षं पोरांना परत देता येणार नाहीत, हे त्यांच्या मनातून जात नाही.