उन्हात वाकलेली बाहुली

आमची मुलगी परदेशात नोकरीला गेली तेव्हा वरच्या खोलीतली काचेची दोन कपाटं माझ्या ताब्यात आली. त्यात तिची खेळणी होती. त्यांना खेळणी म्हटलेलं तिला आवडत नाही, पण मला दुसरा शब्द सापडलेला नाही. वीतभर उंचीच्या बाहुल्या, पंख असलेले यंत्रमानव, धातूच्या छोट्या गाड्या आणि तलवार उपसून उभी असलेली एक मुलगी. कॉलेजात असल्यापासून तिनं एकेक करून जमवलेली. काही तर अजून खोक्यातच होती, चिकटपट्टीही न काढलेली. जी वस्तू बाहेर काढायचीच नाही ती विकत कशाला घ्यायची, हे मी तिला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तिनं समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा मला समजलं नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं मला कपाटासमोर उभं केलं. "आई, पुसायचं ते फक्त या मऊ ब्रशनं. आणि ऊन लागू देऊ नकोस."

"नाही लागू देणार," मी म्हणाले.

खोलीला पश्चिमेची खिडकी होती. तिला मी जाड पडदा लावला आणि माझ्या मते काम झालं.

बारामतीतलं आमचं घर खाली तीन खोल्यांचं आहे. वर ही एकच खोली आणि बाकी सगळी गच्ची. एप्रिलमध्ये एके सकाळी मी ब्रश घेऊन वर गेले, पहिलं कपाट उघडलं आणि तलवारवाल्या मुलीला उचललं. बोट चिकटलं. दुसरी उचलली, तीही चिकट. तेलाच्या हातानं कुणीतरी सगळ्यांना धरलं असावं तसा तो चिकटा होता. पण कपाट तर महिनाभर कुणी उघडलं नव्हतं. मी खाली येऊन ह्यांना विचारलं.

"तूच स्वयंपाकाचा हात लावला असशील," ते म्हणाले आणि कामावर गेले. ते एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत आहेत. कशावरही त्यांचं उत्तर तयार असतं.

चिकट झालेलं धुवायचं, एवढं तर मला कळत होतं. कोमट पाण्यात थोडा साबण घातला आणि बाहुल्या आणि यंत्रमानव मिळून अकरा नग एकेक करून धुतले. चिकटा गेला. आता ते वाळवायचे होते. गच्चीवर त्या दिवशी गहू आणि कुरडया घातलेल्या होत्याच. शेजारी एक जुनी साडी अंथरली आणि सगळे ओळीनं उभे केले.

मुलीचं बोलणं मी विसरले नव्हते. पण ऊन लागू देऊ नकोस म्हणजे रोजचं ऊन, रंग उडवणारं, असं मी धरलं होतं. तास-दीड तास ऊन दाखवणं हे मला त्यात येतच नव्हतं. डाळी, मिरच्या, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, ज्याला कीड किंवा बुरशी लागेल अशा प्रत्येक गोष्टीला मी आयुष्यभर ऊन दाखवत आले. माझ्या घरातल्या वस्तू उन्हानंच टिकवल्या आहेत. ते काही बिघडवेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तेवढ्यात शेजारीण लग्नाच्या साड्या दाखवायला आली. ती बसली ती बसलीच. मी वर गेले तेव्हा अडीच वाजून गेले होते.

तलवारवाली मुलगी घोट्यातून पुढं वाकली होती, जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी. तलवार तर शिजलेल्या शेंगेसारखी खाली लोंबत होती. एका यंत्रमानवाचा पंखही खाली वाकला होता. मी तलवारवालीला उचललं तर ती हाताला मऊ लागली. घाईनं जिन्याच्या सावलीत नेऊन सरळ करायला लागले, पण तोवर ती घट्ट झाली होती, तशीच वाकलेली. अजून जोर लावला तर पाय मोडेल या भीतीनं मी हात काढून घेतला. बराच वेळ मी तिथंच जिन्यात बसून राहिले. गहू ठीक होता, कुरडया ठीक होत्या. त्याच उन्हात, त्याच साडीच्या शेजारी.

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, जरा माझं कपाट दाखव ना."

"वर रेंज येत नाही," मी म्हणाले. तिला मी याआधी कधी खोटं सांगितल्याचं मला आठवत नाही.

मग मी उपाय करत सुटले. गाड्यांच्या काचांना फिल्म लावणाऱ्या माणसाला बोलावून खिडकी काळी करून घेतली. खोलीत अंधार झाला. पण आत पाऊल टाकलं की भट्टीसारखी धग लागायची. ह्यांनी डेअरीतला एक जुना तापमापक आणून कपाटात ठेवला. दुपारी दोघंही वाचायला गेलो. पारा चाळीसच्या बराच वर होता, आणि खालच्या फळीपेक्षा वरच्या फळीवर जास्त.

"ऊन तर येतच नाही आत," मी म्हणाले. "मग हे तापतंय कशानं?"

 ह्यांनी तापमापक झटकून पुन्हा लावला. तेवढाच पारा.

पुढच्या रविवारी आम्ही वरकुट्याला गेलो. तिथं सासरे राहतात, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. ऐंशी पार केली तरी डाळिंबाची बाग स्वतः बघतात. मी बाहुली टॉवेलात गुंडाळून बरोबर घेतली होती. का घेतली ते मला सांगता आलं नसतं. घरात ठेवून जायला मन होईना एवढंच.

जेवण झाल्यावर मी ती आबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून तिला उलटसुलट करून पाहिलं.

"काय झालंय हिला?"

"उन्हानं वाकली. मी वाळत घातली होती."

हे हसले. आबा हसले नाहीत. म्हणाले, "डाळिंबाला आमी पांढरं कापड घालतो ते कशापायी? मावळतीच्या अंगाचं फळ आधी करपतं. उनाला कुठली वस्तू सोसल आन कुठली न्हाय, ते वस्तूवर हाय."

"पण आबा, मी खिडकी काळी केली तरी खोली तापते."

"खोलीवर काय हाय?"

"काही नाही. स्लॅब."

"मंग ऊन खिडकीतनं येतंय ह्ये कुणी सांगितलं तुला? ते डोक्यावरनं येतंय. दिसभर स्लॅब ऊन पितंय आन रातभर आत सोडतंय."

 आठवडाभर दोन शिकलेली माणसं त्या खिडकीशी भांडत होती.

आबांनी मग मला भांडंभर पाणी तापवायला सांगितलं, उकळू न देता. ठिबकची नळी जोडावर बसेना की ते तिचं टोक गरम पाण्यात बुडवतात, मऊ पडली की बसवतात, हे मी बागेत अनेकदा पाहिलं होतं. पण नळी वेगळी आणि ही वेगळी.

"आबा, राहू द्या, फार महागाची आहे ती," हे म्हणाले.

"मोडली तर माझं नाव सांगा पोरीला," आबा म्हणाले आणि त्यांनी बाहुलीचे पाय पाण्यात धरले.

थोड्या वेळानं त्यांनी अंगठ्यानं घोटे चाचपले, हळूच तिला मागं ओढली, सरळ धरली आणि तशीच गार पाण्याच्या बादलीत बुडवली. मनात काहीतरी मोजत असल्यासारखे ते ओठ हलवत होते. मग तलवारीचंही तसंच केलं. बाहेर काढून ओट्यावर ठेवली तर ती ताठ उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्लास्टिकच्या बाहुलीसाठी आपण रडतोय याचीच मला लाज वाटली.

बारामतीला आल्यावर मी मुलीला फोन करून सगळं सांगितलं, ऊन, रेंजचं खोटं, गरम पाणी, सगळं. मग कॅमेरा बाहुलीवर धरला. तिनं तो अजून जवळ आणायला लावला.

"काय झालं?"

"आई, ती मुळातच थोडी पुढं झुकलेली होती. पळता पळता थांबल्यासारखी. तशीच बनवली होती तिला."

मी बाहुलीकडे पाहिलं. वर्षभर मी तिच्यावरची धूळ झटकत होते आणि ती झुकलेली होती की नाही हे मला आठवेना. उन्हानं तिला किती वाकवलं आणि मुळात ती किती वाकलेली होती, याचा हिशेब आता कुणालाच लागणार नव्हता.

"चिडलीस का?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आबांनी खरंच स्वतः केलं?"

"स्वतः. चष्मा लावून."

ती हसली की नाही ते मला नीट दिसलं नाही. मग तिनं सांगितलं की तो चिकटा माझ्या हाताचा नव्हता. बंद कपाटात उकाड्यानं प्लास्टिकमधलंच तेल बाहेर येतं. त्याला हवा लागते, दार थोडं उघडं ठेवायचं.

"मग धूळ बसेल."

"हो, बसेल."

"मग नक्की काय करू? उघडं की बंद?"

"थोडं उघडं," ती म्हणाली. थोडं म्हणजे किती, ते तिलाही सांगता येईना.

खेळणी आता खाली मधल्या खोलीत आहेत. या खोलीला बाहेरची भिंतच नाही आणि ती उन्हाळ्यातही त्यातल्या त्यात गार असते. तिथं भांड्यांचं लाकडी कपाट होतं, ते रिकामं करून त्यात सगळी मांडली. दाराच्या फटीत मी कपड्याचा चिमटा अडकवला आहे, म्हणजे दार रोज तेवढंच उघडं राहतं. यंत्रमानवाचा पंख मात्र सरळ झाला नाही. मी दोनदा गरम पाण्यात धरून पाहिलं आणि सोडून दिलं.

आणि भांडी वर गेली. स्टीलच्या डब्यांना उकाडा काय करणार. पाहुणे गच्ची बघायला आले की काळ्या काचांच्या त्या खोलीत डोकावतात. काचेच्या कपाटात माझे पोह्यांचे, रव्याचे रिकामे डबे ओळीनं उभे दिसतात. परवा एका नातेवाइकांनी विचारलं, हे असं मांडून का ठेवलंय? मी सांगायला सुरुवात केली, पण बाहुलीपासून सुरू करायचं की स्लॅबपासून तेच मला कळेना. मग मी त्यांना चहाला खाली बोलावलं.