कमलचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकींना नाही, नातींना तर नाहीच — त्या मला गोड आजी समजतात, समजू देत. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या ह्यांनी कचेरीतून रिटायर झाल्यावर एक मोटार आणली. आणली म्हणजे ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. परभणीतल्या एका जुन्या बंगल्याच्या मागं पडून होती — लाल, बसकी, बिनछपराची, दोनच माणसांची, विलायती रेसची गाडी. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. आमच्या पेडगावातली माणसं बघायला यायची आणि विचारायची, "बाकीची गाडी कवा येणार हाय?" मीही हसायची. पण हे तिच्याशी बोलायचे. तिला पुसायचे, गोंजारायचे. आता मला सांगा, नातवंडं झालेल्या बाईनं मोटारीवर जळावं का? मी जळले. तिच्या आरशात बघून केस नीट करायची, आणि तिलाच शिव्या द्यायची. असली शहाणी होते मी.

मग कमल आली, आणि मोटार परवडली असं वाटायला लागलं.

कमल माझी धाकटी जाऊ. दीर गेल्यावर त्यांची पिठाची गिरणी तीच चालवायची; डिझेलचं इंजिन बिघडलं की तीच खोलायची. लोक शेतातली इंजिनंसुद्धा तिला दाखवायचे. ह्यांची मोटार काही केल्या चालू होईना, तेव्हा ह्यांनीच तिला बोलावून घेतलं.

आता आमच्या घरची रीत. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. पदर पुढं ओढायचा, आणि जे सांगायचं ते मधल्या माणसाकरवी. मधलं माणूस कोण? मी. गाडीच्या ह्या अंगाला हे, त्या अंगाला ती, आणि मधे मी — हातात चहा.

"अक्का, सांगा की, कुठून तरी हवा ओढायलीय ही."

मी सांगायची.

"तिला म्हणावं, कान लय तयार हाय तुझा."

तेही मीच सांगायची. माझ्याच तोंडानं. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत असायचं, तरी माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते बोलणं धरलं जात नसे. माझ्या हातचं खाऊन ह्या माणसानं कधी "बरं झालंय" म्हटलं नव्हतं — आणि मी त्याची तारीफ वाहून नेत होते, दुसरीकडं. तुम्ही असता तर काय केलं असतं? जाऊ द्या. तुमचा प्रश्न नाही हा.

एकदा जेवताना हे म्हणाले, "गाडी चालू झाली की पहिली चक्कर कमलची. रीत गेली चुलीत. सांग तिला."

सांगितलं का मी? नाही. घास गिळला, आणि तेही गिळलं.

थोड्याच दिवसांत गाडी चालू झाली. अंगणातल्या अंगणात गुरगुरली. त्यानंतर एका दुपारी हे घरी नसताना कमल आली, गाडीखाली शिरली आणि हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "अक्का, इंजनातलं जुनं ऑइल काढून टाकलंय. नवं उद्या परभणीहून येईल. तवर गाडी चालू करू नका म्हणावं भाऊजींना. ध्यानानं सांगा बरं."

ध्यानात होतं. हे घरी आले तेव्हा होतं, वाढताना होतं, सकाळी किल्ली घेऊन हे अंगणात उतरले तेव्हाही होतं. विसरले असते तर हे सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, गाडी खोकेल, बंद पडेल, आणि तयार कानाच्या बाईला चार शब्द बसतील. एवढंच हवं होतं मला.

गाडी फाटकाबाहेर गेली, रस्त्याला लागली, आणि वळणावर किंचाळून थांबली. इंजिन जाम, आत ऑइलचा थेंब नाही. चार माणसांनी ढकलत आणली. हे अंगणात पांढरेफटक उभे. कमल मागच्या दारानं धावत आली, चुलीपाशी उभी राहिली, आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अक्का, तुमाला सांगितलं व्हतं की मी. सांगा त्यांना."

बाहेरून हे ओरडले, "विचार तिला, ऑइल काढलं तर सांगितलं का न्हाई?"

मी उंबऱ्यात उभी होते. मी म्हणाले —

मी म्हणाले, "ती म्हणते, सांगायचं ध्यानात राहिलं नाही."

कमल ऐकत होती. दोन पावलं पुढं येऊन तिनं स्वतः सांगितलं असतं तर? पण ती नाही आली. माझ्याकडं बघितलं, पदर आणखी पुढं ओढला आणि मागच्याच दारानं गेली.

ती परत आमच्या अंगणात आली नाही. गावात बोभाटा झाला — कमलनं साहेबांचं इंजन जाळलं. लोक आपली इंजिनं जिंतूरला न्यायला लागले. पुढं गिरणीही बंद झाली. ती लेकीकडं बोरीला राहते. लग्नाकार्यात भेटते, मला वाकून नमस्कार करते. तिनं कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं असतं.

दुसरं इंजिन मिळवायला ह्यांची कितीतरी वर्षं गेली. आता गाडी चालते. शेजारच्या सीटवर मी बसते. गाडी थांबली की माणसं गोळा होतात, आणि हे हौसेनं सगळा इतिहास सांगतात. त्यात आमच्या कमलची गोष्ट येतेच, कशी ती सांगायचं विसरली ती. मग माझ्याकडं वळून विचारतात, "व्हय का न्हाई गं?"

परवा चारठाण्याच्या देवळापाशीही विचारलं.

मी हो म्हणाले.