दगडाखालचा कोळसा

वडिलांनी जन्मभर मोजणीदाराची साखळी ओढली, तीही दुसऱ्यांच्या शेतांतून. आम्ही मात्र भाड्याच्या एका खोलीत राहायचो. हद्दीचा दगड रोवण्याआधी ते खड्ड्यात मूठभर कोळसा टाकायचे. म्हणायचे, "दगड माणसं हलवतात. कोळसा कुजत नाही, तो साक्ष देतो."

मी घरातला पहिला पदवीधर. बांधकाम कंपनीच्या ऑफिसात ड्रोनने मोजणी करणारे ठरवायचं काम करतो. परवा पहिल्यांदाच आमच्या स्वतःच्या प्लॉटवर एकाला बोलावलं. ड्रोन वर गेला, तशी आई कपाळावर हात आडवा धरून वर बघत राहिली.

"ह्याला काट्याकुट्यातनं चालावं लागत न्हाई व्हय?"

"नाही मावशी," तो हसला. "तुम्ही चहा टाका, तोवर होतंय."

आईला हसू आलं नाही. "तुझ्या बापाच्या टाचा रोज तेल लावून चोळायची मी," ती मला म्हणाली.

स्क्रीनवर गवताची काडी न् काडी दिसत होती. वडील गेल्याला दोन वर्षं झाली. एवढ्या उंचावरूनही ते कुठे दिसणार नव्हते. कोपऱ्यातला दगड रोवताना आईनं पदराची गाठ सोडून त्यातला कोळसा खड्ड्यात टाकला.

आमची आता दोन गुंठे जमीन आहे.