आमच्या घरातली माय

फोनवरच्या माणसानं आधी विचारलं, "तुम्ही सुनंदाताईंच्या कोण?" मी म्हटलं, "घरची." मग तो म्हणाला, त्या शिफ्टमध्येच चक्कर येऊन पडल्या, निघोज्याजवळच्या दवाखान्यात नेलं, पण... त्या 'पण'च्या पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. महिना उलटून गेलाय.

सुनंदा परभणीकडची. चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासायची. माझी गौरी जेमतेम पाऊल टाकायला लागली होती, तेव्हा आम्ही दोघींनी पुनावळ्यात संसार मांडला. शेजाऱ्यांच्या लेखी मैत्रिणी. घरात मात्र कुठल्याही जोडप्यासारख्या भांडायचो, रुसायचो, एकाच ताटात जेवायचो. पोरीनं मला आई म्हणायचं हे ठरलेलंच होतं. पण सुनंदाला काय म्हणायचं? मी 'मावशी' सुचवलं, तर बाईसाहेबांनी तोंड फुगवलं. "तुज्या बहिनीला म्हनू दे मावशी. मी काय पाव्हनी हाय का इथं?" मग 'मम्मी' करून पाहिलं. ते ऐकून ती स्वतःच इतकी हसली, की तो विषय तिथंच संपला.

शेवटी नाव पोरीनंच ठेवलं, तेही चुकून. सुनंदाच्या गावाकडे लेकीलाच लाडानं माय म्हणतात. "जेव की माय," "नीज माय," असं तिचं दिवसभर चाले. गौरीला वाटलं, समोरच्याला असंच म्हणायचं असतं. एकदा वरणभाताचा घास परत ढकलत ती म्हणाली, "तूच जेव माय!" ...घास हातात तसाच धरून सुनंदा रडली. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या माय. यात लेक कोणती, हे परक्याला कळायचं नाही. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? मी आपली नुसती आई, घरोघरी असते तशी.

दहाव्याला तिचे भाऊ आले होते. माणसं भली. पण फोटोला हार घालून थोरले गौरीला म्हणाले, "मावशीच्या पाया पड, बाळा." ती पाया पडली. त्यानंतर माय हा शब्द तिच्या तोंडून आलेला नाही. दोन माणसांचं घर, तेही मोजकं बोलणारं... फार एकटं वाटतं. रोज मी "जेव माय" म्हणायचं ठरवून ताट वाढते, आणि नुसतं "जेव" म्हणते. तिला त्या शब्दानं हाक मारायचा हक्क माझा नाही, असं वाटत राहतं.

परवा संध्याकाळी कुकर उघडताना हातावर वाफ आली. जन्मभर माझ्या तोंडून 'आई गं'च निघालंय. त्या दिवशी निघालं, "अगं माय!"

"ओ! आले माय!" आतल्या खोलीतून आवाज आला.

ती धावतच आली, आणि स्वयंपाकघराच्या दारात मला एकटीला बघून थबकली. मी हात नळाखाली धरून उभी होते.

"तू होय..." ती म्हणाली.