गाडी हलायच्या आधी

कंडक्टरबाईंचा आवाज एके काळी खचाखच भरलेल्या बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचायचा. "पुढे सरका, पुढे काही वाघ बसलेला नाही," असं त्या म्हणाल्या की माणसं हसत हसत सरकायची. घरात मात्र त्यांचं एक वाक्य कधी धड पुरं झालं नाही. तीन मुलं, तिघांनाही आईचाच घसा मिळालेला, आणि तिघांचीही पक्की समजूत की समोरच्याला काय म्हणायचंय ते आपल्याला त्याच्याआधी कळतं. आईनं "अरे, मीठ..." म्हणावं, तर एकजण मीठ आणून द्यायचा, दुसरी मीठ कमी खा म्हणायची, आणि मीठ संपत आलंय हे सांगायचं राहूनच जायचं.

नोकरी संपली आणि रस्त्यावर आयुष्यभर गिळलेल्या धुळीनं फुफ्फुसांत घर केलंय हे कळलं. जिना चढताना बाईंना मध्येच भिंत धरावी लागे. डॉक्टरीणबाई सरळ बोलणारी होती. तिनं त्यांना एकटीलाच बसवून सांगितलं, "आजी, हा आजार मागे फिरणारा नाही. पुढे कधी श्वास फारच कमी पडला, तर मशीन लावायचं का, असा प्रश्न येईल. लावलं तर ते पुन्हा निघेलच असं नाही. नाही लावलं, तर धाप कमी व्हावी म्हणून औषधं आहेत, ती घरीसुद्धा देता येतात. तुम्हाला काय हवंय ते ठरवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. तेव्हा तुम्हाला बोलता येईलच असं नाही."

ठरवायला बाईंना वेळ लागला नाही. तसं त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे लिहूनही दिलं. पण कागदाला तोंड नसतं. ऐन वेळी बोलायला माणूस लागतो, हे त्यांना नवऱ्याच्या वेळी कळून चुकलं होतं.

नवरा गेला तो दवाखान्यात, नळ्यांच्या जंजाळात. पुढे काय करायचं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा थोरला म्हणाला, जे जे आहे ते सगळं करा. मधली रडत होती. धाकटा म्हणाला, दादा म्हणेल तसं. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्याही म्हणाल्या, पोरं म्हणतील तसं. ज्याचं चाललं होतं त्याला काय हवं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण धडधाकट असताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग जे जे होतं ते सगळं झालं, आणि फार वाईट झालं. बाई त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत, पण दवाखान्यातल्या त्या खोलीचा त्यांना राग होता आणि तो कधी गेला नाही.

घरी सांगायचे प्रयत्न त्यांनी कमी केले नाहीत. "मला जर काही झालं..." म्हटलं की थोरला म्हणे, "तुला काही होत नाही." मधली म्हणे, "आई, चांगलं बोल की गं." धाकटा टीव्हीचा आवाज वाढवी. एकदा जेवताना त्यांनी नेट लावून सुरुवात केली, "माझं ऐका, ते मशीन..." "कपडे धुवायचं ना? घेऊ या," थोरला म्हणाला, आणि त्याच आठवड्यात घेऊनही आला. बाईंच्या मरणाचा विषय निघाला होता, घरात वॉशिंग मशीन आलं.

शेवटी बाईंनी नोकरीतला उपाय काढला. बसमध्ये एखादा तिकीट न काढता बसून राहिला, तर त्या भांडत नसत. घंटीच देत नसत. दोन घंट्या पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, आणि गाडी अडली की बाकीचे प्रवासीच त्या एकाला सरळ करतात. कंडक्टरला तोंड वाजवावं लागत नाही.

धाकट्याचं लग्न ठरलं होतं आणि मुलीकडच्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मुलीचे वडील घड्याळं दुरुस्त करणारे, उशीर म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच. जायला ड्रायव्हरमामांची व्हॅन सांगितली. मामांनी बाईंबरोबर वर्षानुवर्षं बस चालवली होती, आणि आता म्हातारपणी ते गाडी भाड्यानं देत होते. सगळे बसले. बाई सवयीनं दाराजवळच्या जागेवर. गाडी काही निघेना.

"मामा, चला ना," धाकटा म्हणाला.

"बाईंची घंटी नाही झाली," मामा आरशात बघत म्हणाले.

"अहो मामा, ही बस आहे का?"

"बस नसली म्हणून काय झालं? बाई तर त्याच आहेत ना."

"मला बोलायचंय," बाई म्हणाल्या. "मध्ये कुणी तोंड घातलं, तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन. व्याही बसतील वाट बघत."

आधी थोरल्यानं तोंड घातलं, मग मधलीनं. दोन्ही वेळा बाईंनी शांतपणे पहिल्यापासून सुरुवात केली. थोरला पुन्हा काही बोलणार एवढ्यात धाकटा ओरडला, "दादा, गप बस ना रे! माझं लग्न मोडेल!" आणि त्या घराण्याच्या इतिहासात प्रथमच बाईंचं बोलणं शेवटपर्यंत गेलं. मशीन नको. दवाखान्यात हलवायचं नाही. धाप कमी करायची औषधं, घरीच. आणि कुणी विचारलं, तर हे सांगायचं काम थोरल्याचं.

थोरल्याचा चेहरा उतरला. "माझंच का? आईला नेऊ नका, तिला मरू द्या, असं मी माझ्या तोंडानं सांगू? मला नाही जमणार."

"हे दोघं तुझ्याच तोंडाकडे बघतात," बाई म्हणाल्या. "तू धावलास की सगळं घर धावतं. म्हणून तूच."

थोरला दार सरकवून खाली उतरला आणि तरातरा कोपऱ्यापर्यंत गेला. मामांनी खिडकीची काच वर केली, खाली केली. बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. त्या घाबरल्या होत्या. हा मुलगा एकदा नाही म्हणाला की ते कायमचं नाही, हे त्या ओळखून होत्या, आणि मग नवऱ्याच्या वाट्याला आलेली खोली त्यांनाही चुकणार नव्हती.

तो परत आला, पण बसला नाही. दाराशीच उभा राहून म्हणाला, "नको काय ते कळलं. तुला हवंय काय?"

बाई गडबडल्या. नको म्हणायची त्यांनी इतकी तयारी केली होती की हवंय काय याचा विचार करायचा राहूनच गेला होता. शिवाय हे त्यांना कुणी कधी विचारलंही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "रस्त्याचा आवाज हवा. मला शांतता सोसत नाही. आणि तू खोलीत हवास. बाबांच्या वेळी तू सगळ्या डॉक्टरांना भेटलास. ते गेले तेव्हा तू इंजेक्शनसाठी औषधाच्या दुकानात रांगेत होतास. तुझी चूक नव्हती रे ती. पण माझ्या वेळी जिन्यात नको, फोनवर नको. माझ्याजवळ थांब."

मधलीनं तोंडाला पदर लावला. धाकटा उशीर विसरला. थोरला आत येऊन बसला आणि म्हणाला, "बघू." त्यावर बाईंचं समाधान झालं नाही, पण उशीर खरंच झाला होता. त्यांनी दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

लग्न मोडलं नाही. व्याही मात्र त्या दिवसाच्या उशिराबद्दल पुढे प्रत्येक भेटीत बोलत राहिले.

ती वेळ आली एका सकाळी, घरात चहा उकळत असताना. आदल्या दिवशी नर्स येऊन औषध कसं द्यायचं ते समजावून गेली होती. तरी आईचा श्वास असा अडखळायला लागलेला बघून मधलीचा धीर सुटला आणि तिनं अँब्युलन्सला फोन केला. स्ट्रेचर जिन्याला घासत वर आलं ते बाईंनी ऐकलं. डोळे उघडायचं त्राण नव्हतं, कान शाबूत होते.

"पेशंट कुठंय?" दारात कुणीतरी अनोळखी विचारत होतं.

"आत आहे," थोरल्याचा आवाज आला. "पण न्यायचं नाहीये."

"साहेब, आत्ता नेलं तर काहीतरी करता येईल."

"दादा, ने रे तिला!" मधली किंचाळली.

बाई पडल्या पडल्या थोरल्याच्या उत्तराची वाट बघत राहिल्या. हा मुलगा जन्मभर धावत आलेला, आणि समोर स्ट्रेचर तयार. त्याच्या जागी त्या स्वतः असत्या तर काय बोलल्या असत्या, त्यांना सांगता आलं नसतं.

"तिनं नको म्हटलंय," थोरला म्हणाला. आवाज खाली होता, पण शब्द सुटे सुटे येत होते. "चांगल्या शुद्धीत, आमच्या सगळ्यांसमोर म्हटलंय. तिच्या डॉक्टरांना माहीत आहे, त्यांना विचारा हवं तर. मी तिचा मोठा मुलगा. सांगायचं काम माझ्यावर टाकलंय, म्हणून सांगतोय."

डॉक्टरीणबाईंशी फोनवर थोडं बोलणं झालं. मग स्ट्रेचर जिन्यानं खाली गेलं. मधलीनं रडत रडत, पण बरोबर, औषध दिलं. थोरला पलंगावर येऊन टेकला. त्यानं आईचा हात हातात घेतला.

"आई," तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "बरोबर सांगितलं ना मी?"

बाईंनी होतं नव्हतं ते बळ एकवटून त्याची बोटं दाबली. तेव्हा तो मोठमोठ्यानं रडायला लागला, आणि बाईंनी त्याला रडू दिलं.