सरकवलेली भिंत

घरांचे नकाशे काढणाऱ्या काकांच्या संगणकात एकाच डिस्कवर दोन बिऱ्हाडं होती: त्यांचं विंडोज आणि काकूंचं लिनक्स. विंडोजने सकाळीच मान टाकली, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक नकाशा न्यायला येणार होतं. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होता, पण तो परत भरायला गेलं की एकच रडगाणं: जागा अपुरी.

"जिथून घेतला, तिथेच मावत नाही म्हणजे काय?" काका फोन स्पीकरवर टाकून भाच्यावर खेकसले.

"मामा, बॅकअपनंतर विंडोजचा भाग लहान केलात का?"

काकांना आठवलं. काकूंना जागा पुरेना म्हणून काकांनीच त्यातला तुकडा कापून लिनक्सला दिला होता.

"जन्मभर लोकांच्या खोल्या मोजल्यात," काकू म्हणाल्या, "आणि घरातली भिंत सरकवलेली विसरलात?"

"तुझ्यासाठीच सरकवली ना!"

"मग आणा मागे. पण आधी माझ्या भागाचा बॅकअप घ्या. त्याशिवाय हात लावायचा नाही."

दातओठ खात काकांनी तो सुरू केला. गोगलगाय बरी, अशा चालीने तो सरकू लागला. शेवटी त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला.

"साहेब, नकाशा उद्या न्या. घरात भिंतीचं काम निघालंय."